अडीचचं काम

मकरपुऱ्याच्या कारखान्यात रात्री अडीचला
एक काम आपोआप सुरू होतं:
दिवसभरच्या व्हॉल्व्हांची मोजदाद,
सकाळच्या ट्रकांसाठी चलनं.
गेल्या दोन रात्री झालं नाही.
लॉगमध्ये एकच ओळ. आज्ञा सापडली नाही.

मी हाताने चालवलं की मुकाट चालायचं.
केतुलभाई म्हणाले, बेन, मशीन तमने ओळखे छे,
रात्रे कोईने नथी ओळखतुं.
हसले, डबा उचलून गेले.
मला हसू आलं नाही,
ते अक्षरशः खरं होतं म्हणून.

मी दारातून येते.
नाव सांगते, पासवर्ड सांगते,
आणि शेल, मला काही विचारायच्या आधी,
दोन फायली वाचून घेतं.
आधी साऱ्या गावाची.
मग या खात्याच्या घरची, जिच्या नावाआधी टिंब आहे
म्हणून ती चारचौघांत दिसत नाही.
घर कुठलं, भाषा कुठली,
घड्याळ कुठल्या देशाचं,
हाक मारली तर माणूस कुठल्या गल्लीत शोधायचा,
तिथे नसला तर पुढे कुठल्या.
पाथ म्हणतात त्याला. रस्ता नव्हे तो,
गल्ल्यांची यादी, मधे मधे विसर्ग.

अडीचचं काम दारातून येत नाही.
त्याला कोणी विचारत नाही तू कोणाचा.
घड्याळ त्याला झोपेतून उठवून थेट कामाला जुंपतं,
खिशात दोनच गल्ल्यांची नावं.
आणि मंगळवारी प्रोग्राम मीच हलवला होता
नव्या कप्प्यात,
कप्प्याचा पत्ता लिहिला फक्त घरच्या फायलीत.

ती फाइल पारसनीस सरांची.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, अजून दर लॉगिनला
पहिल्यांदा तेच बोलतात.
एक ओळ भंगारात गेलेल्या प्रिंटरची.
एकीच्या डोक्यावर, इंग्रजी अक्षरांत मराठी:
हे काढू नये. का ते विसरलो.
मीही काढलेलं नाही.
आणि भाषेची ओळ. सरांनी एकदा मराठी लावली होती.
चलनांवर वार मराठीत उमटले,
भरूचच्या नाक्यावर दोन ट्रक दुपारपर्यंत उभे.
दुसऱ्या दिवशी सरांनी ओळीपुढे हॅश टाकला.
पुसली नाही.
ओळ आहे. वाचली जात नाही.

दांडिया बाजारात माझा मुलगा
भात वाढ म्हणतो मराठीत,
स्वप्नात बडबडतो ती गुजराती.
शेलातून जे जन्मतं त्याला सगळ्याची नक्कल मिळते,
एक्स्पोर्ट केलेल्याचीच फक्त.
नकलेत त्याने काय खोडलं, काय नवं लिहिलं,
ते मागे वळून कळत नाही.
माझ्याकडून काय राहिलं एक्स्पोर्ट करायचं
ते अशा वेळी मोजू नये. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

घड्याळाच्या वहीत पूर्ण पत्ता लिहिला,
मुळापासून, एकही गल्ली न गाळता.
मग थांबले.
थांबायचं म्हणून नवी खिडकी उघडली
आणि सरांची ती ओळ, हॅश सोडून,
हाताने टाइप केली. त्या खिडकीपुरती.
तारीख विचारली.
मशीन म्हणालं, गुरुवार.

पुन्हा विचारली.
गुरुवार.

अडीचला पंखा जोरात फिरू लागला.
मी एक्झिट लिहिलं; खिडकी मिटली
आणि तिला ठाऊक होतं तेवढं तिच्याबरोबर गेलं.
शेजारच्या खोलीत चलनं पडत होती, एकावर एक,
कोमट. सत्तेचाळीस मोजली.
सगळ्यांवर थर्सडे.